शटर बंद आहे ना?

कागदाला पडलेलं भोक मुगाच्या दाण्याएवढं होतं. कडा तपकिरी, मधोमध आरपार. प्रिसिलाने तो कागद खिडकीशी धरला आणि एक डोळा मिटून भोकातून बाहेर बघितलं. पार्किंगमधली एक पांढरी गाडी बरोबर त्या भोकात मावली.

"छातीशी धरला होतास?"

"हां मॅम. असा," तबिश म्हणाला आणि त्याने रिकामे हात छातीसमोर धरून दाखवले. तबिश लखनौचा, डॉक्टर अलिनांच्या हाताखाली पीएचडी करणारा. "आधी वास आला. मला वाटलं, बाहेर कोणाचा टोस्ट जळला."

"मग?"

"मग कळलं की टोस्ट मीच आहे."

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. आदल्या दिवशी त्याला तसाच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. डोळ्यांत औषध घालून, आतवर उजेड टाकून डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. डोळे शाबूत होते. मध्ये कागद होता आणि भोक पडताच तो बाजूला झाला म्हणून वाचला. लेझरचा किरण वीतभर वर असता तर डोळे वाचले नसते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि प्रिसिलालाही.

प्रिसिला मूळची वसईची. दोह्यातल्या या विद्यापीठात लेझरच्या सुरक्षेचं सगळं तीच पाहायची. लेझर म्हटलं की लोकांना मांजरापुढे नाचवायचा लाल ठिपका आठवतो. इथले लेझर तसले नव्हते. डॉक्टर अलिनांच्या लॅबमधला किरण तर डोळ्यांना दिसतच नव्हता. लोखंडाला भोक पाडील, पण शेजारून गेला तरी पत्ता लागायचा नाही. कुठल्या किरणाला कुठला चष्मा चालतो, कोणाला आत सोडायचं, कोणाला दारातच थांबवायचं, कोणत्या दारावर कुठला दिवा, हे सगळं प्रिसिलाने बसवलेलं. नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "अंगठ्या काढा, घड्याळं काढा. आणि मला दिसत नाही म्हणजे ते तिथे नाही, हा विचार डोक्यातून काढा."

त्या लॅबमध्ये लेझरच्या तोंडापुढे धातूची एक चकती होती. तिला सगळे शटर म्हणत. चकती खाली आली की किरण तिच्यावर अडतो आणि खोलीत निर्धास्त वावरता येतं. चकती वर गेली की किरण मोकळा. कोणी दार उघडलं तर चकती आपोआप खाली पडावी अशी सोय होती. तरीसुद्धा कोणाला चष्म्याशिवाय आत सोडायचं तर आधी विचारून खात्री करून घ्यायची, हा प्रिसिलाचाच नियम.

मंगळवारी तिने तो नियम पाळला होता. तबिशला कॅमेऱ्याची जागा बदलायला आत जायचं होतं. प्रिसिला तेव्हा दुसऱ्या इमारतीत होती. तिने आबासाहेबांना फोन लावला. आबासाहेब म्हणजे लॅबचे टेक्निशियन. दारं, दिवे, शटर, थंड पाण्याचे पाइप सगळं त्यांच्याकडे. त्यांनी फोनवर सांगितलं, शटर बंद आहे. तिने तबिशला इंग्रजीत मेसेज टाकला, शटर क्लोज्ड, आत जा. तो आपल्या कार्डाने दार उघडून आत गेला आणि कागद जळला.

आता डॉक्टर अलिना म्हणत होत्या, टेक्निशियन खोटं बोलला. शटर न बघताच 'बंद आहे' म्हणून मोकळा झाला.

आबासाहेबांचं दारं उघडायचं कार्ड बुधवारी सकाळी काढून घेतलं गेलं. रविवारी समिती बसणार होती. न बघता खोटी ग्वाही दिली असं ठरलं, तर आबासाहेब ज्या ठेकेदार कंपनीचे नोकर होते ती त्यांना दुसऱ्या दिवशी विमानात बसवणार, यात कोणालाही शंका नव्हती. समिती प्रिसिलाने लिहिलेल्यावरच चालणार होती. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला तीच तर होती.

* * *

बुधवारी दुपारी प्रिसिला आणि डॉक्टर अलिना दोघी चष्मे चढवून लॅबमध्ये शिरल्या. डॉक्टर अलिना रुमानियाच्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या, आणि रागावल्या की आणखी मोजकं. त्यांनी किल्ली फिरवून लेझर अगदी मंद ठेवला. प्रिसिलाने खिशातून एक छोटं कार्ड काढलं. न दिसणारा किरण या कार्डावर पडला की तिथे हिरवट ठिपका उमटतो. कार्ड धरून ती टेबलाच्या कडेने सरकत गेली, अंधारात मांजराची चाहूल घ्यावी तशी. ठिपका उमटला, सरकला, विझला, पुन्हा उमटला.

शटर वरच अडकलं होतं. आतली स्प्रिंग तुटली होती.

"दारावरचा दिवा मग हिरवा का झाला?" प्रिसिला स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. तबिशने दार उघडलं तेव्हा दिवा लाल होता तो हिरवा झाला होता. म्हणून तर तो बिनधास्त आत गेला. ती खाली वाकली आणि वायर कुठून कुठे जाते ते बोटाने बघत गेली. दिवा शटरला जोडलेलाच नव्हता. शटरला 'खाली ये' असा हुकूम जातो त्या वायरला जोडला होता. हुकूम गेला की दिवा हिरवा. हुकूम पाळला की नाही, हे दिव्याने कधी विचारलंच नव्हतं.

"एक कोडं सुटलं," ती म्हणाली.

"दुसरं सोपं आहे," डॉक्टर अलिना म्हणाल्या. "तू विचारलंस, शटर बंद आहे का. तो काय म्हणाला?"

"बंद आहे म्हणाला."

"आणि होतं उघडं."

"हो."

"मग?"

प्रिसिलाने कार्ड खिशात ठेवलं. पण तिचं समाधान होईना. आबासाहेबांना ती बरीच वर्षं ओळखत होती. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर हा माणूस सरळ 'ठाऊक न्हाई' म्हणायचा. त्यावरून साहेब लोकांच्या शिव्याही खायचा. असा माणूस न बघता कशाला बोलेल? आणि बघून बोलला असेल, तर उघडं शटर त्याला बंद कसं दिसलं? दिवसभर तो प्रश्न तिच्या दातात बडीशेप अडकावी तसा अडकून राहिला.

* * *

गुरुवारी ती आबासाहेबांना शोधत विद्यापीठाच्या मागच्या फाटकापाशी गेली. तिथे करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाची टपरी होती. आबासाहेब सावलीत, पायरीवर बसले होते. शर्टाच्या खिशाला कार्ड लावायची क्लिप तशीच, कार्ड मात्र नाही.

"चहा घेणार, आबासाहेब?"

"पाजा की. कार्ड बंद हाय, तोंड अजून चालू हाय."

बीडकडचा हा माणूस दोह्यात इतकी वर्षं काढूनही बोलायचा अगदी गावच्यासारखा. चारचौघांत प्रिसिलाला मॅडम म्हणायचा आणि मराठी सुरू झालं की मध्येच ताई. ती लेझर म्हणायची तिथे तो सुरुवातीला लेझीम म्हणायचा. तिनेही त्याला 'लेझीमवाले' म्हणून बरंच चिडवलं होतं. आज दोघांनाही चेष्टा सुचत नव्हती.

"मला फक्त समजून घ्यायचंय," ती म्हणाली. "मी फोन केला. काय विचारलं मी?"

"इचारलंत, शटर बंद हाय ना."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, व्हय, सकाळपास्नं बंद हाय. तुम्ही म्हनलात, बरं, मग मी तबिशला सांगते. म्या म्हनलं, सांगा. फोन ठिवला. आता यात खोटं कुठं बोललो ते दावा मला."

"पण आबासाहेब, ते बंद नव्हतं!"

"बंद नव्हतं?" त्यांनी चहाचा कागदी कप पायरीवर आदळला. "मग मी काय स्टोअरमधी झोपा काढाया गेलतो? सकाळपास्नं स्प्रिंग हुडकत हुतो त्याची!"

"मी स्प्रिंगचं विचारत नाहीये. शटरचं विचारतेय."

"म्या बी शटरचंच सांगतोय."

"शटर उघडं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मग म्या कवा म्हनलं उघडं नव्हतं म्हनून?"

प्रिसिलाला वाटलं, हे आता शब्द फिरवायला लागले. माणूस घाबरला की असं करतो. तिने उसासा टाकला. तो उसासा त्यांना बरोबर कळला. ते उठले, पँट झटकली.

"लिवा ताई तुमाला काय लिवायचं ते. गावाकडं सत्यभामेला फोन करतो, म्हनतो, घर झाडून ठेव, मालक येतोय." दोन पावलं गेले आणि मागे वळले. "पोरगं बरं हाय न्हवं? डोळं?"

"बरं आहे."

"मग खलास," ते म्हणाले आणि उन्हात चालते झाले.

चहा तसाच राहिला, वर साय धरून.

* * *

संध्याकाळी प्रिसिला अल सद्दच्या बाजारातून आठवड्याचं सामान घेऊन निघाली. तांदळाची पिशवी, तेल, मासळी. फरीज बिन ओमरानमध्ये, तिच्या बिल्डिंगच्या गल्लीत गाडी वळवली तोच नवऱ्याचा, मायकलचा फोन आला.

"कुठे पोचलीस? ऐक, लिफ्ट बंद आहे. तांदूळ तू उचलू नको, खालीच थांब. मी येतो."

"बरं," ती म्हणाली. डोकं अजून टपरीवरच होतं.

पिशव्या घेऊन ती आत आली आणि सवयीने लिफ्टसमोर उभी राहिली. लिफ्ट तळमजल्यालाच होती. दार सताड उघडं, आत दिवा लख्ख, आरशात तिचा स्वतःचा दमलेला चेहरा. पाऊल आत टाकणार, तोच बाजूच्या भिंतीवर वॉचमनने चिकटवलेला कागद दिसला. इंग्रजीत मोठ्या अक्षरात: लिफ्ट नॉट वर्किंग.

तिने कागद वाचला. दाराकडे बघितलं. पुन्हा कागद वाचला.

मायकल धापा टाकत जिन्यावरून उतरला. "काय गं, इथे काय उभी? मासळी खराब होईल."

"मायकल, तू फोनवर काय म्हणालास?"

"थांब म्हणालो."

"त्याच्या आधी."

"लिफ्ट बंद आहे."

"दार तर उघडं आहे."

मायकलने लिफ्टकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मग? उघड्या दाराने बंद पडली. बंद पडताना दार लावून घ्यायचं असतं का? तुला ऊन लागलंय का, प्रिसिला?"

प्रिसिला तांदळाच्या पिशवीवर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. दार उघडं आणि लिफ्ट बंद. मायकलने 'बंद' म्हटलं आणि वॉचमनने तेच इंग्रजीत लिहिलं तेव्हा त्याचं झालं 'नॉट वर्किंग'. त्याला कोणी शिकवायला लागलं नव्हतं. तिने मात्र आबासाहेबांचा 'बंद' इंग्रजीत नेला तो 'क्लोज्ड' म्हणून. मराठीत त्या शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ सुखाने नांदत होते. इंग्रजीत नेताना एकालाच गाडीत जागा मिळाली, आणि तिने चुकीचा बसवला.

मी तबिशला सांगते, म्हणाली होती ती. तिला म्हणायचं होतं, जा म्हणून सांगते. त्यांनी ऐकलं, जाऊ नको म्हणून सांगते. आणि दोघांनी समाधानाने फोन ठेवले.

"मायकल, तू तांदूळ घेऊन वर जा. मला एक फोन करायचाय."

"सगळं मीच?"

"मासळी पण."

आबासाहेबांनी फोन बऱ्याच वेळाने उचलला. मागे खोलीतल्या मित्रांचा गलका, टीव्ही, कुकरची शिट्टी.

"बोला." मॅडम नाही, ताई नाही.

"आबासाहेब, मंगळवारी शटर बंद होतं, म्हणजे काय झालं होतं?"

"पुन्हा त्येच? बिघडलेलं हुतं! चालत नव्हतं!"

"आणि चकती कुठे होती? वर की खाली?"

"वरच अडकून बसलेली की."

"म्हणजे बंद होतं आणि उघडं होतं."

"व्हय. सकाळी त्येच तर—" ते एकदम थांबले. मागे कुकरची शिट्टी संपूर्ण वाजून थांबली. मग त्यांचा आवाज खाली आला. "ताई. तुम्ही बंद म्हंजे... मिटलेलं म्हनत हुता व्हय?"

"हो."

"आयला." थोड्या वेळाने पुन्हा, "आयला! आन म्या म्हनतोय, मॅडमला कुनी आधीच सांगितलं वाटतं शटर बिघडल्याचं, बरं झालं, आता पोराला त्या आडवतील."

"दारावर पाटी लावायला हवी होती तुम्ही."

"व्हय, त्ये चुकलं. अलिना मॅडम मीटिंगमधी, किल्ली त्यांच्यापाशी, लेझर तापत ठिवलेला. म्हनलं, स्प्रिंग घिऊन झटकन येतो. दार तर बंद—" ते अडखळले. "कुलूप लावलेलं हुतं म्हनतो."

दोघंही एकदम हसले. मग आबासाहेब म्हणाले, "पर ताई, ह्ये सायबांस्नी पटंल का? त्यांस्नी मराठी कुठं येतंय?"

तेच प्रिसिलालाही कळत नव्हतं.

* * *

रविवारी समितीच्या खोलीत एसीचा गारठा होता. लांब टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर अलिना, दुसऱ्या टोकाला आबासाहेब, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर. प्रिसिला उभी राहिली आणि तिने इंग्रजीत सगळं सांगितलं. फोन, शब्द, दोन अर्थ, लिफ्ट. समितीतल्या एक बाई, कनीज, कराचीच्या होत्या. 'बंद' ऐकल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला. "अल्ला, आमच्याकडेही अगदी असंच," त्या म्हणाल्या. बाकीचे कोरड्या चेहऱ्याने बघत राहिले.

"मला कळत नाही," डॉक्टर अलिना म्हणाल्या. "एक शब्द. झाकलेलं असलं तरी तोच, मोडलेलं असलं तरी तोच. तुम्ही लोक जगता कसे?"

"आजवर जमलं," प्रिसिला म्हणाली. "दुकान बंद म्हटलं की घड्याळ बघून कळतं, नळ बंद म्हटलं की बादली बघून कळतं. समोर वस्तू असते. फोनवर ती नसते. आणि प्रश्न मी विचारला होता. मी असा प्रश्न विचारला की खरं उत्तरही चुकीचं ठरावं. माझ्या अहवालात पहिली चूक तीच लिहिली आहे, माझ्या नावाने."

डॉक्टर अलिना बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत होता आणि तिथे दुसरंच काही येत होतं. एखादी मोजणी अनपेक्षित निघाली की यायचं तसलं.

"मी इंग्लंडमध्ये शिकायला गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला इंग्रजी पुस्तकातलंच येत होतं. लॅबच्या प्रमुखांनी सांगितलं, 'इफ द अलार्म गोज ऑफ, रन.' ऑफ म्हणजे काय, ते मला पाठ होतं. दिवा ऑफ, पंखा ऑफ. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजू लागतो, हे पुस्तकात नव्हतं. अलार्म ठणाणा वाजायला लागला. मी शांत बसून होते. म्हटलं, हा बंद होईल, मग पळायचं."

 मग कनीजबाई फिसकन हसल्या आणि मग सगळीच खोली हसली. आबासाहेबांना काय चाललंय ते निम्मंच कळलं होतं. त्यांनी प्रिसिलाकडे बघितलं. तिने मान हलवली, बरं चाललंय.

"अलार्म वाजण्याचं कारण काय होतं?" कोणीतरी विचारलं.

"टोस्ट," डॉक्टर अलिना म्हणाल्या. "सुदैवाने."

खोटं बोलल्याचा आरोप खोडला गेला. प्रिसिलाला आणि आबासाहेबांना, दोघांनाही लेखी समज मिळाली. तिला प्रश्नाबद्दल, त्यांना पाटीबद्दल. बाहेर आल्यावर आबासाहेबांनी आपला कागद चारदा उलटसुलट केला. "ताई, ही फ्रेम करून लावतो. दोघांस्नी एकदम शिक्षा म्हंजे बरोबरीचा मान झाला की." संध्याकाळपर्यंत त्यांचं कार्ड क्लिपला परत लटकलं.

त्या आठवड्यात दिव्याची वायर बदलली. आता चकती खरोखर खाली येऊन टेकली तरच दिवा हिरवा होतो. आणि प्रिसिलाने सगळ्या लॅबना नवा नियम घालून दिला. बंद का, चालू का, उघडं का, असं विचारायचंच नाही. कुठल्याही भाषेत नाही. विचारायचं एवढंच: किरण कुठे थांबलाय? उत्तरात जागा सांगायची. शटरवर. किरण अडवायच्या डब्यात. टेबलावरच्या नमुन्यावर. सांगणाऱ्याने ते ठिपक्याचं कार्ड धरून बघितल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारणाऱ्याने ऐकलेलं तसंच म्हणून दाखवायचं. मल्याळी मुलांना, अरबी मुलींना, चिनी पाहुण्याला, सगळ्यांना हा नियम पटकन जमला. जिथे किरण थांबलाय ती जागा कुठल्याच भाषेत दोन ठिकाणी नव्हती.

आता तिचं कुतूहल मात्र थांबेना. कोणी भेटलं की ती विचारायची, तुमच्यात असा कुठला शब्द आहे? मायकल म्हणायचा, "आता घरी सुद्धा नीट बोलायची चोरी झाली."

पुढच्या सोमवारी तबिशला पुन्हा कॅमेऱ्यासाठी आत जायचं होतं. या वेळी तो दाराबाहेर, चष्मा हातात घेऊन, मुकाट उभा होता. प्रिसिलाने फोन लावला.

"आबासाहेब, किरण कुठे थांबलाय?"

"शटरवर थांबलाय मॅडम. कार्ड धरून बघितलं. पल्याड ठिपका न्हाई."

"शटरवर थांबलाय, पल्याड ठिपका नाही. ठीक. तबिशला आत जा म्हणून सांगते."

"आत जा म्हनून सांगा." ते फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. "आन मॅडम, अजून एक."

"बोला."

"लॅबचा एसी बंद हाय."

प्रिसिला खुर्चीत सरळ झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. "म्हणजे? कोणी केला, की पडला?"

पलीकडून हलकं खाकरणं ऐकू आलं. हा माणूस गालातल्या गालात हसतोय हे तिला इथूनच दिसलं.

"आता ह्ये म्या कसं सांगू, ताई," आबासाहेब म्हणाले. "तुम्ही प्रश्न नीट इचारा."